लेकरांची इंग्रजी: परभणीच्या नर्सरीपासून अंगणवाडीपर्यंत

परभणी जिल्ह्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलापर्यंत इंग्रजी आज तीन वाटांनी पोचते. पहिली वाट खासगी नर्सरीची. परभणी शहरात, सेलू-जिंतूर-गंगाखेडसारख्या तालुक्यांच्या गावी आणि आता मोठ्या खेड्यांतही सकाळी पिवळी व्हॅन येते आणि टाय लावलेली, डायरी सांभाळणारी लेकरे घेऊन जाते. दुसरी वाट अंगणवाडीची. तिथे भिंतीवर रंगवलेली एबीसीडी असते, ताईंनी शिकवलेली रंगांची आणि प्राण्यांची नावे असतात, एखादी पोयम असते. तिसरी वाट मोबाईलची आणि ती बाकी दोन्हींपेक्षा लांबवर गेली आहे. जिथे व्हॅन जात नाही त्या तांड्यावरही आई भाकरी थापत असताना लेकराच्या हातात फोन असतो आणि त्यात इंग्रजी बालगीतांचे कार्टून चालू असते.

एवढी इंग्रजी कानावर पडूनही पहिलीच्या वर्गात बसणाऱ्या मुलाला इंग्रजीत दोन वाक्ये समजतात का, त्याला पाणी मागता येते का, हे पाहायला गेलो तर फार थोडे हाती लागते. ही मुले शब्द म्हणतात, पण त्यांना बोलता येत नाही. लवकर इंग्रजी द्यावी की नाही, यावर आपल्याकडे भांडण खूप झाले. माझ्या मते ते भांडण आता बाजूला ठेवावे. इंग्रजी येणारच आहे. ती तोंडी यावी, खेळातून यावी, घरच्या भाषेचा हात धरून यावी आणि ओळखीच्या माणसाच्या तोंडून यावी. अक्षरे, पाटी-पेन्सिल, वही हे सगळे मागून. आणि जिल्ह्यातल्या बहुसंख्य मुलांसाठी हे घडण्याची जागा अंगणवाडी हीच आहे.

या भागाला शाळेत परकी भाषा नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. सरकारदरबाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. आजच्या नर्सरीतल्या मुलाच्या पणजोबांना शिकून नोकरी धरायची तर उर्दू यावी लागे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि गावोगावी मराठी शाळा उभ्या राहिल्या. या शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. मराठवाड्यातल्या त्या पिढीतले कितीतरी डॉक्टर, इंजिनिअर, कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ पाचवीला एबीसीडी गिरवूनच पुढे गेले. २००० साली प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्याने सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. त्यावर मोठा वाद झाला, पण निर्णय टिकला. गेल्या पंचवीस वर्षांत ती रेषा आणखी खाली सरकली. आता पालक पहिलीचीही वाट पाहायला तयार नाहीत.

या पालकांना नावे ठेवणे मला पटत नाही. कोरडवाहू शेती, सोयाबीन-कापसाचा भाव आणि पावसाचा लहरीपणा ज्याने सोसला आहे, त्या बापाला लेकराने या चक्रातून बाहेर पडावे असे वाटते. बाहेरच्या दाराला इंग्रजीची कडी आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या भारतीय पुरुषांची तासाची कमाई इंग्रजी अजिबात न येणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्क्यांनी जास्त आढळली. थोडीफार इंग्रजी येणाऱ्यांना १३ टक्के जास्त मिळत होते. वय, शिक्षण यांचा फरक हिशेबात घेऊन काढलेले हे आकडे आहेत. तेव्हा ‘लेकराला इंग्लिश स्कूलला टाकलं’ हे वाक्य प्रतिष्ठेसाठी म्हटले जाते, असे समजणे चुकीचे आहे. त्यामागे विचार आहे, हिशेब आहे आणि बहुतेक घरांत पोटाला चिमटा घेऊन भरलेली फी आहे. प्रश्न एवढाच आहे की त्या फीच्या बदल्यात मुलाला काय मिळते.

साध्या खासगी नर्सरीत मुलाचा दिवस कसा जातो ते पाहू. आधी प्रार्थना. मग मिस फळ्यावर अक्षर काढतात आणि मुले ते वहीत उतरवतात. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडेही अजून पुरती तयार झालेली नसतात. पेन्सिल मुठीत धरावी लागते आणि चौकटीत अक्षर बसवताना हात दुखतो. मग ॲपल, बॉल, कॅट असा पाढा सगळा वर्ग एका सुरात म्हणतो. मग एक पोयम, हातवाऱ्यांसह. मग डबा. डायरीत होमवर्क येतो आणि रात्री आई लेकराचा हात धरून तो पुरा करते, कारण वही कोरी गेली तर दुसऱ्या दिवशी बोलणी बसतात. या सगळ्या वेळात मुलाला इंग्रजीत कोणी काही विचारलेले नसते आणि त्याने मनाने एकही वाक्य बोललेले नसते. घरी पाहुणे आले की ‘पोयम म्हणून दाखव’ होते, लेकरू म्हणून दाखवते, सगळे कौतुक करतात. ते कौतुक खरे असते. पण पोयममधला एकही शब्द त्याला दुसऱ्या प्रसंगी वापरता येत नाही.

याचा दोष मिसवर टाकणे अन्यायाचे होईल. ती बहुधा त्याच गावची बारावी किंवा पदवी झालेली मुलगी असते. पगार तुटपुंजा, बालशिक्षणाचे प्रशिक्षण नाही, आणि इंग्रजी तिलाही पुस्तकातूनच आलेली. पालकांना दाखवायला भरलेली वही हा तिच्याकडे एकमेव पुरावा असतो. पालक वही मागतात म्हणून संस्था वही भरवून घेते.

लहानपणी भाषा पटकन येते, हा या सगळ्यामागचा विश्वास आहे. तो अर्धा खरा आहे. लहान मुले परक्या भाषेचे उच्चार मोठ्यांपेक्षा सहज उचलतात आणि चुकण्याची लाज त्यांना नसते. पण ‘पटकन’ हा भाग संशोधनात टिकत नाही. १९७८ मध्ये कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागेल-होले यांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषकांचा डच शिकतानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने शिकली ती बारा ते पंधरा वर्षांची मुले आणि मोठी माणसे. तीन ते पाच वर्षांची मुले सर्वांत मागे होती. ती मुले तर डच भाषेच्या समुद्रात होती, रस्त्यावर, दुकानात, खेळाच्या मैदानावर डचच होती. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि सहकाऱ्यांनी शाळेतल्या इंग्रजीचा दीर्घकाळ अभ्यास केला. तिथेही तासिका सारख्या असताना उशिरा सुरू केलेली मुले पुढे निघाली. आठवड्याला थोड्या तासिका आणि वर्गाबाहेर इंग्रजी नाही, अशी परिस्थिती असेल तर लवकर सुरू केल्याचा आपोआप फायदा होत नाही, असा त्याचा अर्थ. परभणीची परिस्थिती हीच आहे.

देशपातळीवरचा अनुभवही तेच सांगतो. ‘असर’ या शैक्षणिक स्थितीच्या अहवालाच्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी २४.५ टक्क्यांना सोपी इंग्रजी वाक्ये वाचता आली. आठवीत हे प्रमाण ४६.७ टक्के होते. २०१६ च्या आकड्यांच्या तुलनेत यात जवळपास बदल नव्हता. बहुतेक राज्यांत इंग्रजी पहिल्या इयत्तांपासून शिकवली जात असतानाची ही स्थिती आहे. वय खाली आणले, पद्धत तीच ठेवली, तर निकालही तोच राहतो.

मोबाईलच्या वाटेबद्दल एक प्रयोग पालकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसली, खेळली, पुस्तक दाखवले. काहींना तीच माणसे पडद्यावर दाखवली, काहींना फक्त आवाज ऐकवला. ज्यांच्यासमोर माणूस होता ती बाळे चिनी ध्वनींतले फरक ओळखायला शिकली. पडद्यावाल्यांना काहीच आले नाही. तीन-चार वर्षांची मुले पडद्यावरून थोडे शब्द उचलतात हे खरे, पण शेजारी कोणी मोठे माणूस बसून बोलत असेल तर. लेकराला एकट्याला फोन दिला तर त्याला गाण्याची चाल येते, इंग्रजी येत नाही.

आता घरच्या भाषेकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मेख तिथे आहे. परभणी जिल्ह्यातले मूल मराठी बोलते असे आपण धरून चालतो. जिंतूर, पालम, गंगाखेड भागातल्या तांड्यांवर घराघरांत बंजारा समाजाची गोरमाटी बोलली जाते. परभणी, पाथरी, मानवत, सेलूच्या मोहल्ल्यांत दखनी उर्दू आहे. मराठी घरांतली बोलीही पुस्तकातल्या मराठीहून वेगळी. म्हणजे तांड्यावरून अंगणवाडीत आलेल्या मुलासाठी मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. अंगणवाडीत पहिल्या दिवसापासून त्याला दोन्ही एकदम ऐकू येतात आणि घरची भाषा मात्र दाराबाहेर राहते. मग ते गप्प बसते. गप्प बसणाऱ्या मुलाला आपण ‘लाजरे’ म्हणतो किंवा ‘मंद’ म्हणतो.

कॅनडातले भाषाभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी आहे. पहिल्या भाषेत मुलाने जे कमावलेले असते ते दुसऱ्या भाषेत सोबत जाते. गोष्टीला सुरुवात-शेवट असतो, ‘का’ विचारले की कारण सांगायचे असते, एका वस्तूचे वर्णन अनेक शब्दांनी करता येते, हे एकदाच शिकावे लागते. ज्याने ते गोरमाटीत किंवा मराठीत शिकले त्याला इंग्रजीत फक्त नवे शब्द लागतात. ज्याने ते कुठेच शिकले नाही त्याला इंग्रजीत शब्द मिळाले तरी त्यांचे करायचे काय हे कळत नाही. म्हणून इंग्रजीचा पाया मजबूत करायचा असेल तर लेकराशी घरच्या भाषेत खूप बोलले पाहिजे. त्याला गोष्टी सांगितल्या पाहिजेत आणि त्याच्याकडून ऐकल्या पाहिजेत. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण आणि ऑक्टोबर २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा या दोन्हींनी तीन ते आठ वयासाठी घरची भाषा हेच माध्यम सांगितले आहे. दुसरी भाषा कानावर पडावी, तोंडी यावी, वाचन-लेखन आधी पहिल्या भाषेत व्हावे, असा त्यांचा रोख आहे. एप्रिल ते जून २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून राज्यात जो वाद पेटला आणि शासनाला निर्णय मागे घ्यावे लागले, त्या गदारोळात एक गोष्ट कोणी फारशी बोलले नाही. मराठी शाळेतले मूल दोन भाषा पहिलीपासून शिकतच होते, आणि त्यातली दुसरी नीट येत नव्हती.

महाराष्ट्राला हा विचार बाहेरून आणावा लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाचे काम सुरू केले, १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी पाड्यांवर बालवाड्या चालवल्या. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि गारगोट्या, पाने, बिया हेच शैक्षणिक साहित्य केले. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या कमला निंबकर बालभवनात मुलांच्या बोलीला मान देत मराठी वाचन-लेखन पक्के करण्याची पद्धत उभी केली. पालघरमध्ये निलेश निमकर यांच्या क्वेस्ट संस्थेने अंगणवाड्यांसाठी ‘पालवी’ हा उपक्रम चालवला. या सगळ्यांचे सूत्र एकच आहे: मूल आधी बोलते, मग वाचते, मग लिहिते. इंग्रजीलाही हाच क्रम लागू आहे.

तर मग अंगणवाडीत इंग्रजी कशी द्यावी?

सुरुवात मुलाच्या तोंडात आधीच असलेल्या शब्दांपासून करावी. परभणीच्या खेड्यातले चार वर्षांचे मूल बॉल, पेन, बस, टीव्ही, मोबाईल, बिस्कीट, चॉकलेट, सायकल, ट्रॅक्टर, ट्रॉली, पाईप, मोटार, बॅटरी, टायर, चार्जर, कप, प्लेट, ग्लास, साबणाचे नाव, शाम्पू, पावडर हे सगळे रोज बोलते. ताईंनी एकदा मुलांसोबत हे शब्द मोजायला घ्यावेत. मूल रिकाम्या हाताने आलेले नाही हे ताईंना दिसेल, आणि मुलालाही. त्या मानाने ॲपल हे या भागातल्या मुलाने वर्षातून एखाद्या वेळी पाहिलेले फळ आहे. ज्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीचा ‘परभणी क्रांती’ आणि ज्वारीचा ‘परभणी मोती’ हे वाण दिले, तिथल्या मुलाला भाज्या आणि धान्ये हाताळत शब्द शिकता येतात.

एका अंगणवाडीत पाहिलेला खेळ सांगतो, कारण त्यात काही खर्च नव्हता. ताईंनी एका कापडी पिशवीत भेंडी, कांदा, टमाटा, चमचा, वाटी आणि एक चेंडू घातला. एकेका लेकराने डोळे मिटून हात घालायचा, वस्तू चाचपून ओळखायची. मूल आधी स्वतःच्या भाषेत सांगे: ‘गुळगुळीत हाय’, ‘लंबं हाय’. एका मुलीने भेंडीला ‘काटं हायेत तिला’ म्हटले, तेव्हा सगळ्यांनी भेंडी बोटांनी चोळून पाहिली. मग ताई वस्तूचे इंग्रजी नाव एकदा सांगत आणि मूल ती वस्तू उचलून ज्याला हवी त्याला देई. ‘स्पून? हू वॉन्ट्स द स्पून?’ एवढेच वाक्य ताईंना पाठ होते आणि तेवढे पुरे होते. वस्तू बदलत, वाक्य तेच राही. पाच-सहा फेऱ्यांनंतर दोन मुली स्वतःच ‘हू वॉन्ट्स’ म्हणू लागल्या. कोणी त्यांना ‘म्हणा’ असे सांगितले नव्हते. सगळा खेळ पंधरा मिनिटांत संपला आणि ताईंनी तो संपू दिला.

या वयात अंग हलले की शब्द बसतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात याचीच पद्धत केली: शिक्षक सूचना देतो, स्वतः करून दाखवतो, मुले फक्त कृती करतात, बोलण्याची सक्ती नाही. आपल्याकडच्या अंगणातल्या खेळांत हे तयारच आहे. ‘डोंगर का पाणी’ घ्या. उंचावर चढायचे की खाली उतरायचे, एवढाच त्यात निर्णय असतो. तो ‘अप’ आणि ‘डाउन’ने सांगता येतो. ‘विष-अमृत’मध्ये शिवले की पुतळा व्हायचे आणि सुटले की पळायचे: ‘फ्रीझ’, ‘रन’. चिमणी-कावळा उडवण्याच्या खेळात ताईंनी ‘क्रो फ्लाइज’ म्हटले की बोट वर आणि ‘काऊ फ्लाइज’ म्हटले की बोट खाली. चुकून गाय उडवली की हशा पिकतो आणि शब्द कायमचा लक्षात राहतो. भातुकलीत तर अख्खे स्वयंपाकघर आहे. हे खेळ मुलांना येतात, नियम समजावून सांगावे लागत नाहीत, म्हणून सगळे लक्ष नव्या शब्दाकडे जाते.

माझ्या मते याहूनही मोलाची गोष्ट रोजच्या क्रमात आहे. अंगणवाडीत रोज हात धुतले जातात, रांग लागते, ताट वाढले जाते, ‘अजून पाहिजे का’ विचारले जाते, चटया घडी होतात. या प्रत्येक वेळी एक ठरलेले छोटे इंग्रजी वाक्य असावे आणि ते वर्षभर तेच असावे. ‘वॉश युवर हँड्स.’ ‘वन मोअर?’ ‘सिट डाउन.’ ‘गिव्ह मी.’ मूल भुकेले असते, ताट समोर असते, ‘मोअर’ म्हटले की खिचडी मिळते. याहून चांगला भाषेचा धडा कोणत्या पुस्तकात असणार? वर्षाला अशी वीस वाक्ये पक्की झाली तरी पहिलीचे पाठ्यपुस्तक उघडताना ते मूल घाबरणार नाही.

गोष्ट मात्र आधी मराठीत किंवा मुलाच्या बोलीत, आणि पुन्हा पुन्हा. तीच चित्रे, तेच पुस्तक, मग हळूहळू त्यातल्या प्राण्याचे बोलणे तेवढे इंग्रजीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतली चित्रपुस्तके मोफत मिळतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तके या वयाच्या मुलांशी त्यांच्याच घरातल्या गोष्टी बोलतात. अशी पुस्तके अंगणवाडीत असली तरी पुष्कळ ठिकाणी फाटतील म्हणून कपाटात राहतात. ती फाटू द्यावीत.

गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. दळता-कांडताना, लेकरू मांडीवर असताना म्हटलेल्या ओव्यांची इथल्या बायकांना सवय आहे. लय, पुनरावृत्ती आणि कामासोबत म्हणणे ही बालगीताची तीनही अंगे त्यात आहेत. इंग्रजी पोयम शिकवतानाही ताईंनी ती कामाला जोडावी. नुसती उभे राहून म्हणून घेऊ नये.

हे सगळे करणार कोण? ताईच. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ गटांत सुरू झाली, त्यात अमरावतीतला धारणी गटही होता. आज त्याच योजनेच्या आधारावर शालापूर्व शिक्षणाचा सरकारी डोलारा उभा आहे. सेविका पोषण पाहते, वजन-उंची नोंदवते, लसीकरणाला मुले जमवते, गरोदर बायांकडे जाते, सर्वेक्षणे करते, आणि या सगळ्यानंतर उरलेल्या वेळात शिकवते. फेब्रुवारी २०२३ च्या वाढीने तिचे मानधन १०,००० रुपये झाले. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभर संप झाला, आणि २०२४ मध्ये आणखी वाढ मिळाली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते. फोन निकृष्ट होते, आणि नोंदी भरायचे ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत होते, मराठीत नव्हते. ज्या बायांना रोजच्या कामाच्या नोंदी इंग्रजीत भरायला लावल्यावर अडचण आली, त्यांच्याकडून आपण मुलांना इंग्रजी देण्याची अपेक्षा करतो. ही अपेक्षा चुकीची नाही, पण त्यासाठी त्यांना आधी शिकवावे लागेल, आणि सन्मानाने शिकवावे लागेल.

याचा एक नमुना शिक्षकांच्या बाबतीत आपल्यासमोर आहे. महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी ‘तेजस’ हा प्रकल्प २०१६ पासून काही जिल्ह्यांत राबवला. त्यात प्राथमिक शिक्षकांचे लहान गट ठरावीक काळाने जमत, एकमेकांशी इंग्रजीत बोलत, वर्गात करून पाहिलेले उपक्रम सांगत. बाहेरच्या तज्ज्ञाच्या दोन दिवसांच्या व्याख्यानापेक्षा हे टिकाऊ आहे. सेविकांच्या बाबतीत तर जमण्याची जागा आधीच आहे: पर्यवेक्षिकेने घेतलेली दर महिन्याची बीट बैठक. त्या बैठकीत आज नोंदवह्या आणि ॲपच्या अडचणी यातच वेळ जातो. त्यातला एक तास बाजूला काढून एक खेळ आणि चार वाक्ये सगळ्या ताईंनी एकमेकींवर करून पाहिली, तर वर्षात बारा खेळ आणि जवळपास पन्नास वाक्ये होतात. उच्चार अगदी अचूक नसले तरी चालेल. मूल पुढे रेडिओ, टीव्ही, शिक्षक यांच्याकडून ते सुधारून घेते. 

आयांनाही यात घ्यायला हवे. २०२२ मध्ये राज्यात ‘शाळापूर्व तयारी – पहिले पाऊल’ हे अभियान झाले. गावागावांत मेळावे भरले, वेगवेगळ्या टेबलांवर मुलांकडून कृती करून घेतल्या आणि त्यातून माता गट उभे राहिले. आईला इंग्रजी येत नाही म्हणून ती लेकराच्या अभ्यासापासून दूर राहते. तिला कोणी सांगितले पाहिजे की तिचे काम इंग्रजी शिकवण्याचे नाही. ‘आज काय खेळलात’ असे तिने गोरमाटीत, मराठीत, दखनीत विचारावे आणि लेकराचे सगळे ऐकून घ्यावे. इंग्रजीला लागणारी भाषा त्या संवादात तयार होते. हे ऐकून पुष्कळ आयांना मोकळे वाटेल, कारण आपण लेकराला काही देऊ शकत नाही ही सल त्यांच्या मनात असते.

खासगी नर्सरींवर मात्र शासनाने लक्ष दिले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याचे वय सहापासून सुरू होते. कलम ११ मध्ये शालापूर्व शिक्षणाची सोय सरकार करू शकेल एवढेच म्हटले आहे. नर्सरीत काय शिकवावे, कोणी शिकवावे, यावर प्रत्यक्षात फारसा लगाम नाही. चीनने जुलै २०२१ मध्ये शालापूर्व मुलांच्या इंग्रजीसह खासगी शिकवण्यांवर बंदी घातली. मला तसले टोक नको आहे. पण पाच वर्षांच्या आतल्या मुलाला लेखी गृहपाठ नसावा आणि नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलाची परीक्षा नसावी, एवढे तरी सक्तीने पाळले जावे. शिकवणाऱ्या मुलींना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी संस्थांवर टाकावी. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने या मुलींना आपल्या वर्गांत घेतले तर त्याही बदलतील. त्यांना चांगले शिकवायचेच आहे.

शेवटी ज्या मुलांचा विचार कोणत्याच योजनेत नीट होत नाही त्यांच्याबद्दल. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातली कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि कोयता थांबला की उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, ती आजी-आजोबांजवळ राहू शकतात. तीन-चार वर्षांचे लेकरू मात्र आईच्या पाठीवर फडात जाते. त्याची अंगणवाडी सहा महिने सुटते. गावातली ताई त्याचे नाव हजेरीतून काढत नाही, पण त्याला शिकवूही शकत नाही. म्हणून ताईंनी जूनपासून दसऱ्यापर्यंतच्या महिन्यांत या मुलांशी खेळायचे खेळ आधी ठरवावेत, ज्यांना पुस्तक लागत नाही, वस्तू लागत नाहीत, फक्त तोंड आणि हात लागतात, आणि जे मोठी बहीणही फडावर घेऊ शकेल असे. निघण्यापूर्वी माता गटात आईला ते दोन-तीन करून दाखवावेत. जिथे कारखान्याच्या तळावर अंगणवाडी चालते तिथल्या सेविकेला गावच्या ताईने फोन करून सांगावे की हे मूल कोणते खेळ खेळते, घरी कोणती भाषा बोलते. आणि मार्चनंतर ते परत आले की त्याला मागे पडलेले न समजता, फडावर पाहिलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, कर्नाटकात ऐकलेले कानडी शब्द, सगळे त्याच्याकडून ऐकून घ्यावे.